शॉर्ट शिफ्टर हवा की नवे बुश? लांब गिअर आणि ढिला गिअर

"गिअर टाकायला आता मजा येत नाही, शॉर्ट शिफ्टर बसवून घेऊ का?" फोंडा असो की म्हापसा, जुनी अबार्थ पुंटो नाहीतर मॅन्युअल पोलो हौसेनं सांभाळणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर टाकताना हाताची हालचाल आखूड करणारा दांडा. त्यावर आधी उलट विचारावं: गिअर लांब आहे की ढिला? दोन्हींत हात जास्त फिरतो, म्हणून गल्लत होते.

लांबी म्हणजे थ्रो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नॉब कापतो ते अंतर. ते कंपनीनंच ठरवलेलं असतं आणि गाडी कितीही जुनी झाली तरी बदलत नाही. ढिलाई म्हणजे मेस्त्री ज्याला प्ले म्हणतात ती: दांडा हलतो, पण गिअरबॉक्सला त्याचा पत्ताच नसतो. गाडी नवी असताना गिअर नीट पडत होता आणि आता पडत नाही, तर थ्रोला दोष देण्यात अर्थ नाही.

तपासणी फुकटात होते. सपाट जागी इंजिन बंद ठेवून हँडब्रेक ओढा, गिअर तिसऱ्यात टाका आणि दोन बोटांनी नॉब मागेपुढे, मग डावीउजवीकडे हलवा. थोडा हलणारच. पण इंचभर डुलत असेल तर कोणाला तरी बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरकडे बघत उभं करा. नॉब डुलतोय आणि तिथली लिव्हर ढिम्म, म्हणजे मधले बुश, केबलच्या सांध्यातले छोटे रबरी किंवा प्लास्टिकचे तुकडे, गेलेत. आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत दोन केबली असतात, एक मागेपुढे ओढणारी, दुसरी डावंउजवं निवडणारी. तिसऱ्याऐवजी पाचवा पडत असेल तर संशय आधी दुसरीवर घ्या.

शॉर्ट शिफ्टरनं ही ढिलाई का जात नाही, ते आकड्यांत बघू. समजा दांडा पिव्हटच्या, म्हणजे तो ज्या बिंदूवर झुलतो त्याच्या, वर 300 मिमी आणि खाली 50 मिमी आहे. खालचं टोक 12 मिमी सरकवायला हात 72 मिमी न्यावा लागतो. बुशमध्ये 1 मिमी प्ले असेल तर हाताला तो 6 मिमी जाणवतो. आता पिव्हट 15 मिमी वर घेतला: वर 285, खाली 65. हात सुमारे 53 मिमी फिरतो आणि प्ले साडेचार मिमीच्या आत येतो. म्हणजे दोन्ही सारखेच आखडले. आधीही थ्रोचा बारावा हिस्सा वाया जात होता, आताही जातो. शिवाय जोर सुमारे 37 टक्के जास्त लागतो. पैसे घालून तोच ढिला गिअर जड करून घेतला!

बुश ही रबराची किंवा प्लास्टिकची फुटकळ वस्तू, पण सगळी मदार तिच्यावर. बॉनेटखालच्या उष्णतेनं ती कडक होते, तडकते आणि एक दिवस केबल लिव्हरवरून निसटते. मग गाडी चालू, क्लच ठीक, आणि गिअर एकही पडत नाही. त्यात आपल्याकडची मिरामार-दोनापावलची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. केबलचा रबरी बूट फाटला असेल तर आत पाणी शिरून केबल गंजते आणि जड होते. बुश बदलताना बूटही बघून घ्यावेत. पितळी किंवा पॉलियुरेथेनचे बुश घातले की गिअर ठाम पडतो, पण रबर गिळायचं ती थरथर दांड्यावर येते. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर मी कंपनीचेच घालीन.

शॉर्ट शिफ्टर वाईट नाही. प्ले शून्याजवळ आहे आणि चोर्ला घाटात वळणावळणाला दुसरा-तिसरा करण्याचा शौक आहे, तर तो खरंच मजा देतो. थंड मुलखात सकाळी गिअर ऑइल घट्ट होतं आणि आखूड दांडा त्रास देतो. गोव्यात ती कटकट जवळपास नाही. फक्त एक ध्यानात ठेवावं, हात चपळ झाला तरी सिंक्रो, म्हणजे गिअरबॉक्समधला वेग जुळवणारा भाग, चपळ होत नाही. दोन शंकूंच्या घर्षणानं गिअरचा वेग जुळायला लागतो तो क्षण द्यावाच लागतो, नाहीतर सिंक्रोची रिंग झिजते. आणि माझ्दा एमएक्स-5 सारख्या फीलची आशा धरू नका. तिथं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं आणि दांडा थेट गिअरबॉक्सवर बसलेला, मध्ये केबलच नाही.

जड नॉब हा स्वस्तातला मधला मार्ग. वजनाच्या जोरावर दांडा अडखळ ओलांडून जातो, थ्रो मात्र तेवढाच राहतो. धातूचा घेणार असाल तर मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत हातरुमाल ठेवा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर पहिला किंवा रिव्हर्स करकरतो, तर वरच्या कुठल्याच खर्चात पडू नका. क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लच हायड्रॉलिक असेल तर आधी त्याच्या ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ते ब्रेक ऑइलच्याच डब्यातून येतं, आणि ते हवेतला ओलावा शोषतं. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर काम तिथूनच सुरू करा.