हाताखाली पहिला माणूस कधी ठेवावा?
नागपुरात एकट्याने धंदा चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

किती थकवा येतो यावरून हा निर्णय घेऊ नका. दोन आठवडे एका वहीत दोन गोष्टी लिहा: दर अर्ध्या तासाला काय केलं, आणि कोणतं काम परत पाठवलं.

परत पाठवलेल्या कामापुढे कारण लिहाच. ‘वेळ नव्हता’ आणि ‘भाव पटला नाही’ ही वेगळी खाती आहेत. भावावरून गेलेलं गिऱ्हाईक माणूस ठेवल्याने परत येत नाही. उलट, तुमच्या भावाला कोणीच कुरकुरत नसेल तर आधी दर दहा टक्के वाढवून पाहा. गर्दी थोडी विरळ होते, पण गल्ला बहुधा कमी होत नाही.

मग वहीतली कामं वेगळी करा. बिघाड ओळखणं, कापड कापणं, चव जमवणं, किंमत सांगणं ही तुमची कामं. कूलरच्या ताट्या बदलणं, टाकी धुणं, काज-बटण, डबे पोचवणं, फोन घेणं ही आठवड्याभरात शिकवता येणारी. दुसऱ्या प्रकारचं काम रोज चार तासांपेक्षा कमी भरत असेल तर अर्धवेळ माणूस पुरतो. पूर्णवेळ ठेवलात तर तो दुपारी बसून राहील आणि तुम्ही त्याच्यासाठी काम शोधत बसाल.

आता खर्च. समजा पगार १५,००० रुपये. दिवाळीला एक पगार द्यायचा तर महिन्याला १,२५० बाजूला पडतात. पेट्रोल, मोबाइल, चहा-नाश्ता धरून साधारण १,७५०. म्हणजे माणूस १८,००० ला पडतो. एसी-कूलरवाल्याला सुटे भाग आणि पेट्रोल वजा जाता एका फेरीत ३५० रुपये सुटत असतील, तर महिन्याला ५२ फेऱ्या वाढल्या पाहिजेत. २६ दिवसांत रोज दोन. वेळेअभावी रोज दोन कामं परत जाताहेत आणि हे सलग तीन महिने चाललंय, तर माणूस ठेवा. पहिले दोन महिने नवा माणूस अर्धंच काम देतो आणि शिकवण्यात तुमचाही वेळ जातो, म्हणून तीन महिन्यांचा खर्च, ५४,००० रुपये, आधी बाजूला असावा. तो कर्ज काढून उभा करू नका.

सीझन वेगळा धरा. होळीपासून मृगापर्यंत कूलरवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, पण जुलैत त्याच माणसाचा पगार अंगावर येतो. अशा धंद्यात चार महिन्यांपुरता माणूस घ्या आणि मुदत पहिल्याच दिवशी कागदावर लिहा.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा ओळखीतल्या पोराला पगार न ठरवता कामावर लावलं की. ‘बघू, देऊ’ म्हटलेला पगार दोघांच्या मनात वेगवेगळा असतो. दुसरी चूक म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन त्याच्या स्वतःच्या नंबरवर जाणं. तो सोडून गेला की गिऱ्हाईकही जातं. धंद्याचं सिम वेगळं ठेवा, क्यूआर कोड तुमच्याच खात्याचा असू द्या आणि दरपत्रक छापून द्या. उचल दिलीत तर रक्कम, तारीख, सही घ्या.

एकच माणूस असला तरी कायदा लागतो. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून पगार कबूल करण्याआधी चालू दर आमच्याकडे तपासा. पुरुषाचा पगार महिना ७,५०० किंवा स्त्रीचा २५,००० रुपयांच्या वर गेला की मालक म्हणून व्यवसाय कराची (पगारावरच्या राज्याच्या कराची) वेगळी नोंदणी लागते. १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून भरायचे. कापायला विसरलात तरी भरावे लागतातच. शॉप ॲक्टखाली (दुकाने-आस्थापना कायदा) एक-दोनच कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) सर्वसाधारणपणे दहा आणि पीएफ वीस कामगारांपासून, त्यामुळे ती धास्ती सध्या नको.

पगार बँकेतून द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. मात्र उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरणाऱ्यांना पगार वेगळा वजा मिळत नाही. ‘पगार दाखवला की कर वाचेल’ हा हिशेब तिथे चालत नाही.

माणूस ठेवायचं ठरलं तर येताना त्याचं आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, ठरलेला पगार, साप्ताहिक सुट्टीचा वार आणि कामावर येण्याची तारीख घेऊन या. व्यवसाय कराची नोंदणी लागू झाल्यापासून ३० दिवसांत करावी लागते.