किनारी गावाची क्रमवाढ (संगणकीय खेळ)

नगरउभारणीच्या संगणकीय खेळात समुद्रकाठी लहानशी वस्ती बसवून ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत. पुळणीलगत किंवा खाडीच्या मुखाशी दोन-चार रस्ते आखायचे, मोजक्या घरांना जागा द्यायची, जमाखर्चाचा मेळ बसला की पुढची आळी उघडायची, असा तिचा क्रम असतो. संथपणे खेळण्याची हौस हे तिचे एक कारण आहे. पण अधिक महत्त्वाचे कारण खेळांच्या गणितात आहे. घाईने वसवलेल्या गावाला काही काळाने अडचणीत आणणारी सूत्रे या प्रकारच्या अनेक खेळांत आहेत. पाण्याचा प्रवाह, धक्क्याची जागा आणि सपाट जमिनीची चणचण यांमुळे किनाऱ्यावर ती लवकर उघडी पडतात.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो ‘द सुमेरियन गेम’पर्यंत मागे नेता येतो. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्यात मेबल ॲडिस या शिक्षिकेने आयबीएमच्या सहकार्याने हा खेळ शाळकरी मुलांसाठी रचला. त्याचा काळ साधारण १९६४ असा दिला जातो. किती धान्य पेरायचे, किती साठवायचे आणि किती लोकांना वाटायचे, एवढेच निर्णय त्यात होते. डग डायमेंट यांनी १९६८ च्या सुमारास त्याच कल्पनेवर लहान संगणकासाठी खेळ लिहिला, तो पुढे ‘हमुराबी’ या नावाने सर्वत्र पसरला. साठा, पेरणी आणि लोकसंख्या यांचा परस्परसंबंध या दोन्हींत स्पष्ट आहे. मात्र त्यांत नकाशा नाही, त्यामुळे गावाची वाढ केवळ आकड्यांत होते. रस्ता, आळी, किनारा या गोष्टींना तेथे स्थान नाही.

दुसरे मत डॉन डॅगलो यांच्या ‘युटोपिया’ला मान देते. इंटेलिव्हिजन या घरगुती यंत्रासाठी तो निघाला. प्रकाशनाचे वर्ष कोठे १९८१, तर कोठे १९८२ असे आढळते. दोन खेळाडूंना दोन बेटे मिळतात. ठरावीक फेऱ्यांत शेते, घरे, शाळा, रुग्णालये आणि मासेमारी नौका यांवर पैसा खर्च करायचा असतो. नौका माशांच्या थव्यावर नेली की उत्पन्न मिळते; पावसाचा ढग शेतावरून गेला तर पीक येते, आणि वादळ आले तर नौका व पीक दोन्ही जातात. किनारी गावाचे अर्थकारण, म्हणजे समुद्राकडून येणारी कमाई आणि समुद्राकडूनच येणारा धोका, खेळाच्या रूपात येथे प्रथम नीट मांडले गेले असे म्हणण्यास हरकत नाही. त्यामुळे ‘किनारी’ या अंगापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘क्रमवाढ’ या अंगासाठी मात्र विल राइट यांच्या ‘सिमसिटी’कडेच (१९८९) यावे लागते. त्याचाही आरंभ बेटांवरच झाला. राइट यांच्या ‘रेड ऑन बंजेलिंग बे’ (१९८४) या हेलिकॉप्टरच्या खेळात शत्रूचे कारखाने असलेली बेटे होती. ती आखण्यासाठी केलेल्या नकाशा-साधनात त्यांना मूळ खेळापेक्षा अधिक गोडी वाटली. त्यातून नगराचा खेळ आकाराला आला, पण हारजीत नसलेला खेळ काढण्यास प्रकाशक तयार नव्हते. काही वर्षांनी मॅक्सिस या कंपनीमार्फत तो बाहेर आला.

सिमसिटीच्या वैचारिक ऋणाविषयीचा वाद येथे विशेष महत्त्वाचा आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जे फॉरेस्टर यांचा ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून तो सिद्ध झाला होता. उद्योग, घरे आणि श्रमिक यांचे साठे आणि त्यांमधील ओघ अशा समीकरणांत त्याने शहर मांडले. राइट यांनी फॉरेस्टर यांचे ऋण उघडपणे मानले असल्याने सिमसिटी म्हणजे त्या ग्रंथाचे दृश्य रूप, असे अनेकदा लिहिले जाते. परंतु फॉरेस्टर यांच्या प्रतिमानात भूगोल नाही. त्यात शहर आहे, पण त्याला पूर्व-पश्चिम नाही, नदीकाठ नाही. सिमसिटीत १२० × १०० चौकटींचा नकाशा आहे आणि प्रत्येक चौकटीचे भविष्य शेजारच्या चौकटी ठरवतात : धूर पसरतो, जमिनीचे मोल चढते-उतरते, पाण्याजवळच्या जागेला भाव येतो. ही रीत पेशीय स्वयंचलांची, म्हणजे जॉन कॉनवे यांच्या ‘लाइफ’ (१९७०) या खेळाच्या कुळातील आहे. एकूण शहराच्या चढउतारासाठी फॉरेस्टर यांचा आधार घेतला गेला असला, तरी आळीला लागून आळी उगवण्याची क्रिया दुसऱ्या परंपरेतून आली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. खेळाडू घर बांधत नाही. घरासाठी, दुकानासाठी वा कारखान्यासाठी जमीन राखून ठेवतो आणि मागणी असेल तर वस्ती आपोआप उठते. हे तत्त्व तेव्हापासून जवळजवळ अबाधित आहे.

‘सिमसिटी २०००’ (१९९३) ते ‘सिमसिटी ४’ (२००३) या मालिकेत उंचसखल जमीन, नळयोजना आणि प्रादेशिक नकाशे आले. २०१३ च्या आवृत्तीत शहराला मिळणारी जमीन बरीच आखूड होती.

यंत्रणा : आज ही पद्धत मुख्यतः ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या खेळात आढळते. फिनलंडमधील टाम्पेरे येथील कोलोसल ऑर्डर या लहान कंपनीने तो केला आणि १० मार्च २०१५ रोजी तो प्रसिद्ध झाला. आरंभी ७०,००० चे भांडवल आणि सुमारे दोन किलोमीटर बाजूची एक टाइल, म्हणजे जमिनीचा चौकोनी तुकडा, मिळते. लोकसंख्येचे टप्पे ओलांडल्यावर शेजारच्या टाइल विकत घेता येतात. मूळ खेळात २५ पैकी ९ घेण्याची मुभा आहे. शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र यांचा देखभाल-खर्च वस्ती असो वा नसो चालूच राहतो. त्यामुळे सोयी आधी आणि माणसे नंतर, असा क्रम ठेवला तर तिजोरी लवकर आटते.

क्रमवाढीचे सर्वांत सबळ कारण मृत्यूच्या लाटेत सापडते. खेळातील प्रत्येक रहिवाशाला वय आहे. मोठे क्षेत्र एकाच वेळी निवासी ठरवले, तर तेथे येणारी कुटुंबे साधारण एकाच वयोगटाची असतात. ती एकत्र म्हातारी होतात आणि थोड्या अवधीत एकत्र मरतात. शववाहिन्या रस्त्यावर खोळंबतात, मृतदेह न उचललेली घरे ओस पडतात, कर घटतो. रिकाम्या घरांत पुन्हा एकदम नवी कुटुंबे येतात आणि एका पिढीनंतर तीच लाट परतते. प्राथमिक शाळांवर एकाएकी येणारा ताणही याच सूत्राचे दुसरे टोक आहे. दहा-वीस घरांची आळी भरल्यावर दुसरी उघडली, तर वयांची सरमिसळ होते आणि लाट उठतच नाही. अधिक स्मशाने बांधा हा उपाय नेहमी सुचवला जातो. तो चुकीचा नाही, पण दुखण्याच्या मुळाशी जात नाही.

याची उलट बाजू ‘बॅनिश्ड’ (फेब्रुवारी २०१४) या ल्यूक होडोरोविझ यांनी एकट्याने केलेल्या खेळात दिसते. तेथे नवे घर मिळाल्याशिवाय तरुण जोडपी वेगळा संसार मांडत नाहीत आणि मुले होत नाहीत. घरे बांधणे थांबले की गाव सुस्थितीत दिसता दिसता म्हातारे होते, आणि मग शेते कसायला माणसेच उरत नाहीत. म्हणजे घाई जशी घातक, तसे थांबणेही घातक. दोन्ही खेळ एकत्र पाहिले तर संथ पण अखंड वाढ हाच या पद्धतीचा गाभा असल्याचे ध्यानात येते. ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ मध्ये (ऑक्टोबर २०२३) नकाशा ४४१ लहान टाइलचा झाला आणि पुढील सुधारणेत घेतलेल्या जमिनीचाही देखभाल-खर्च लागू झाला. जमीन आगाऊ अडवून ठेवण्याला त्यामुळे चाप बसला.

पाणी आणि धक्का : ‘सिटीज : स्कायलाइन्स’मधील पाणी वाहते, साचते आणि दूषित होते. नदीकाठी उपसा केंद्र वरच्या अंगाला आणि सांडपाण्याचे मुख खालच्या अंगाला, हा नियम सोपा आहे. किनाऱ्यावर तो पुरत नाही. बंदिस्त उपसागरात प्रवाह जवळजवळ नसतो आणि मैला मुखापाशीच साचून हळूहळू पसरतो. त्यामुळे पहिले मुख गावाजवळच्या सोयीच्या जागी न ठेवता, पुढे गाव जिकडे वाढणार नाही अशा उघड्या समुद्राच्या बाजूला नेणे इष्ट. सुरुवातीच्या भांडवलात ही लांब वाहिनी महाग वाटते, तरीही ती टाळू नये. खेळात खारे आणि गोडे पाणी असा भेद नाही, समुद्राचे पाणी थेट नळाला जाते. कोकणात वाडीतल्या विहिरीचा उपसा वाढला की पाणी मचूळ होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही उणीव चटकन जाणवते.

मालवाहू जहाजांचे मार्ग नकाशा करणाऱ्याने आधीच आखलेले असतात आणि बंदर त्या मार्गाशी जोडले गेले तरच चालते. बंदर चालू झाले की मालमोटारींचा लोंढा सुरू होतो, म्हणून पहिल्या दिवसाची मुख्य वाट बाजारपेठेकडे ठेवून धक्क्याच्या मागे वेगळ्या रस्त्याची जागा मोकळी सोडतात. मार्च २०२० मधील ‘सनसेट हार्बर’ या पुरवणीने मासेमारी बंदरे, मत्स्यशेती, मासळी बाजार आणि मासळी कारखाना आणला. त्याआधी समुद्रकाठच्या गावाला मासेमारीचा धंदाच नव्हता. बंदर सोडले तर किनारा म्हणजे मुख्यतः जमिनीचा चढा भाव होता. या पुरवणीनंतर क्रम स्वाभाविक झाला : आधी मासेमारीचा धक्का, मग बाजार, मग कारखाना, आणि मालवाहू बंदर सर्वांत शेवटी.

कोकणचा नकाशा : खेळात खऱ्या भूभागाची उंची भरता येते. त्यासाठी १०८१ × १०८१ बिंदूंचे करड्या छटांचे चित्र लागते. ते सुमारे १७ किलोमीटर बाजूच्या चौकोनाइतके असते. कोकणपट्टीची रुंदी बहुतेक ठिकाणी याहून बरीच अधिक असल्याने किनारा घेतला की सह्याद्रीचा कडा चौकोनाबाहेर राहतो. उंचीची आकडेवारी बहुधा फेब्रुवारी २००० मधील अवकाशयान-रडार मोजणीची (एसआरटीएम) असते, आणि किनाऱ्यासाठी तिच्यात तीन अडचणी आहेत. समुद्राची खोली तिच्यात नाही. पाणी सपाट शून्य दिसते. ते हाताने खणले नाही तर जहाजांना वाव मिळत नाही. दुसरे, उंचीतील चूक काही मीटरची असू शकते, आणि कोकणातील पुळणीचा बांध किंवा खाजणाची जमीन तेवढ्याच उंचीची असते. ती चित्रात पुसली जाते. तिसरे, रडारचा परतावा अंशतः झाडांच्या शेंड्यांवरून येतो, त्यामुळे दाट नारळी-पोफळीची वाडी टेकाडासारखी उमटते. चित्र जसेच्या तसे भरल्यास गावाची मूळ जागाच चुकते. खेळातील समुद्रसपाटी आरंभी ४० मीटरवर धरलेली असते, हेही लक्षात ठेवावे लागते.

पुण्याच्या संदर्भात : पुणे समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत असले तरी येथील खेळणाऱ्यांना दोन नमुने सहज उपलब्ध आहेत. पहिला शहराचाच. कसबा ही सर्वांत जुनी वस्ती, तिच्याभोवती एकेक पेठ वसत गेली. शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तझाबाद, रविवारचे मलकापूर, सोमवारचे शहापूर असे सांगतात. यांतील काहींचा काळ पेशवाईच्या आधी जातो, आणि अठराव्या शतकात त्यांत पुष्कळ भर पडली. शेटे-महाजनांना कौल देऊन, काही वर्षे करमाफी देऊन व्यापारी आणून बसवायचे, पेठ भरली की पुढची जागा काढायची, ही रीत टाइल घेत जाण्याच्या क्रमाशी बरीच जुळते. अलीकडची हद्दवाढ वेगळी आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, ती आधीच दाट वसलेली होती.

दुसरा नमुना ताम्हिणी घाट उतरून पाहून येण्यासारखा : श्रीवर्धन, दिवेआगर, आणि आणखी दक्षिणेला हर्णै, गुहागर. गुहागर या बाबतीत आदर्श म्हणावे असे आहे. समुद्राला समांतर एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरे, घरामागे वाडी, मधोमध बाजारपेठ आणि दोन टोकांना वरचा पाट व खालचा पाट या वस्त्या. गाव लांबीत वाढते, रुंदीत नाही. खेळात नवशिक्या खेळाडूचा हात चौकोनी जाळीकडे वळतो. त्याऐवजी असा एकच रस्ता घेतल्यास सांडपाण्याची वाहिनी, बसमार्ग आणि पुढील वाढीची दिशा एकदमच ठरतात. कोळीवाडा मात्र या ओळीत नसतो, तो खाडीच्या मुखाशी वा धक्क्याजवळ दाटीने वसतो. खेळात त्याला वेगळे क्षेत्र राखल्यास गावाला खरेपणा येतो.

किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा तिने नियमनाखाली आणला. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. खेळात असा कायदा नाही, पण रस्त्याच्या समुद्राकडील बाजूला क्षेत्र न राखता तो पाळता येतो. १ जून ते ३१ जुलै ही राज्यातील मासेमारी बंदीही खेळात नाही. मासेमारी बंदराची इमारत तेवढ्या काळापुरती बंद ठेवून ती आणता येते.