पन्नाशीत दिसतो, तिशीत सुरू होतो

पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर ‘उष्णता असेल’ म्हणून गुलकंद खाणाऱ्या बायका पुण्यातही कमी नाहीत. संबंधांनंतर रक्त जाणं, वास येणारं पांढरं जाणं, कंबरदुखी, सगळं अंगावर काढलं जातं. म्हणूनच आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बऱ्याच रुग्ण पंचेचाळिशी-साठीच्या असतात आणि येतात तेव्हा गाठ आजूबाजूला पसरलेली असते. लवकर लग्न, जास्त बाळंतपणं, हातात पैसा नाही, तपासणी कधीच झालेली नाही, हेही नेहमीचंच.

पण सुरुवात होते दहा-वीस वर्षं आधी, एचपीव्ही या विषाणूपासून. त्याच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के रुग्ण होतात. शरीरसंबंधांतून होणारी ही लागण इतकी सर्रास असते की इथे कुणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू दोनेक वर्षांत आपोआप जातोही. काहींत तो टिकतो, आणि पुढचं मला फार विलक्षण वाटतं. विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं आहेत. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं आपलं पी५३ हे प्रथिन ई६ नष्ट करवतं. विभाजनाला लगाम घालणारं आरबी हे प्रथिन ई७ निकामी करतं. एरवी विषाणूचंच ई२ हे प्रथिन या दोघांना आवरून धरतं. पण विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात शिरला, की बहुतेकदा ई२चं जनुकच मोडतं. मग ई६, ई७ मोकाट सुटतात, पेशी विभागत राहते आणि चुका साठत जातात. त्या साठायलाच ही वर्षं लागतात.

या विषाणूविरुद्धच्या लशीने वंध्यत्व येतं, ही अफवा निखालस खोटी आहे. लशीत विषाणूच्या फक्त बाहेरच्या कवचाचं प्रथिन असतं. डीएनए नाही, ई६-ई७ही नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३मध्ये आली, ती अशीच.

मुलींना लस द्यायची, पण त्यांच्या आयांनी तिशीनंतर तपासणी करून घ्यायलाच हवी. याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. २००९मध्ये निष्कर्ष आले: ज्या गटाला एचपीव्ही तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.