गुंगेरियाच्या कुऱ्हाडी लंडनला, आपण नागपुरात

बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचं एक गाव आहे. १८७० मध्ये तिथे गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून वर आलेला धातूचा एक तुकडा दिसला. ओढला, उकरला, तर खाली तांब्याची रासच निघाली. ४२४ अवजारं, बहुतेक कुऱ्हाडी आणि लांब पहारींसारख्या पट्ट्या, वजन सुमारे ३७६ किलो. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे. काही गोल, काही शिंगं असलेल्या बैलाच्या डोक्याच्या आकाराचे. बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे या ठेव्यातला काही भाग नागपूरच्या संग्रहालयात आला आणि काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. एकाच खड्ड्यातून निघालेली भावंडं, एक बर्डीजवळ आणि एक थेम्सजवळ.

मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलर घरघरत असताना, मी यातली लंडनवाली भावंडं मोबाइलवर बघत बसलो होतो. बोटांनी फोटो मोठा केला तसा कुऱ्हाडीच्या पात्यावरचा हिरवट गंज दिसू लागला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. अशा उन्हात कोणी संग्रहालय बघायला निघत नाही हे खरं. पण घरबसल्या संग्रहालय बघण्याची सोय इंटरनेटने आपल्यावर अचानक मेहेरबान होऊन दिली, असं जे आपण धरून चालतो ते तितकंसं खरं नाही. या गोष्टीची मुळं बरीच जुनी आहेत आणि त्यातली काही नागपूरच्याच मातीत आहेत.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याचा नंबर वरचा. पण रिक्षावाल्याला ‘मध्यवर्ती संग्रहालय’ सांगून बघा, तो क्षणभर विचारात पडेल. ‘अजब बंगला’ म्हणा, लगेच किक मारेल. पूर्वी खेड्यावरून पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असत: महाराजबाग अन् अजब बंगला. एकीकडे जिवंत वाघ, दुसरीकडे पेंढा भरलेला. नावातच सगळं आलं. लोकांच्या लेखी ते इतिहासाचं घर नव्हतं, अजब वस्तूंचं होतं.

ते उभं राहिलं सर रिचर्ड टेंपल या चीफ कमिशनरच्या काळात. पण त्याआधी इथे वस्तू गोळा करण्याचं वेड लावलं ते स्टीफन हिस्लॉपने. हिस्लॉप कॉलेजमुळे त्याचं नाव नागपूरकरांच्या तोंडी आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आला. धर्मप्रचार करता करता दगड फोडत फिरायचा. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे सापडलेल्या एका आदिम उभयचराची कवटी त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने लंडनला धाडली. तिथे जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८५०च्या दशकात तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. म्हणजे विदर्भातली वस्तू लंडनला आणि तिचं छापील चित्र जगभर, हा रिवाज संग्रहालयाच्याही आधीचा. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले प्राचीन दगड, बघून परतताना हिस्लॉप पुराच्या ओढ्यात बुडाला. मागे राहिलेले त्याचे कागद टेंपलने १८६६ मध्ये संपादून छापले. त्याच्या आदल्या वर्षी, १८६५ च्या डिसेंबरात, नागपुरात मोठं प्रदर्शनही भरलं होतं: प्रांतातलं धान्य, कापड, हत्यारं, कारागिरी. राज्य करायचं तर आधी यादी हवी, हा साहेबाचा हिशेब त्यामागे होता. हेतू काही का असेना, याद्या झाल्या. आणि यादी हाच या सगळ्या गोष्टीचा कणा आहे. ते पुढे येईलच.

आता ठशाकडे वळू, कारण माझ्या मते पहिलं ‘घरबसल्या संग्रहालय’ म्हणजे ठसा.

शिलालेख जागचा हलत नाही. ताम्रपट हलतो, पण ज्याच्या घरात तो आहे तो हातचा सोडत नाही. मग उटकमंडच्या सरकारी पुराभिलेख कार्यालयात बसलेल्या पंडिताने तो वाचायचा कसा? त्यासाठी ठसा घ्यायचा. दगड आधी पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करायचा. खाचेत माती राहिली तर ‘प’ चा ‘ष’ होऊ शकतो. मग कागद भिजवून दगडावर पसरायचा आणि कडक केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खोबणीत बसवायचा. फार जोरात ठोकला तर फाटतो, हळू ठोकला तर अक्षर उमटत नाही. कागद थोडा सुकला की शाईची बोंडी त्यावर हलकेच टिपत न्यायची. वरचा भाग काळा होतो, खोबणीतली अक्षरं पांढरी राहतात. मग सोलून काढायचा, गुंडाळायचा आणि टपालाने पाठवायचा. दगड रानात उभा आणि त्याची सावली उटकमंडला टेबलावर. १८८८ पासून ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये असे ठसे छापून येऊ लागले. मग दगड न बघता दगडावर वाद घालण्याचं सुख जर्मनीतल्या पंडितालाही मिळालं.

या कामातलं नागपूरचं मोठं नाव महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी. देवटेकची शिळा त्यांनी कशी सोडवली ते बघण्यासारखं आहे. देवटेक नागभीडकडचं, जुन्या चांदा जिल्ह्यातलं. ही शिळा आज नागपूरच्या संग्रहालयात आहे आणि तिच्यावर एकाच अंगाला दोन काळ कोरलेले आहेत. एक लेख मौर्यकालीन ब्राह्मीतला, प्राण्यांना धरू-मारू नये अशी आज्ञा देणारा. दुसरा त्यानंतर पाचसहाशे वर्षांनी वाकाटक राजा पहिल्या रुद्रसेनाने कोरवलेला. त्याने नवा दगड न शोधता जुन्यावरच काम भागवलं. इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७७ च्या आपल्या ग्रंथात या लेखाची प्रत छापली होती. मिराशींनी तो नव्याने वाचला आणि त्यात रुद्रसेनाचं नाव सापडलं. प्रत हातात असली म्हणून वस्तू कळली असं नसतं, हे त्यातून दिसतंच. पण प्रत हातात होती म्हणून कोणाला तरी शंका आली, हेही तितकंच.

युरोपात तेव्हा प्रतींची वेगळीच धामधूम चालली होती. १८६७ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचा प्रमुख हेन्री कोल याच्या पुढाकाराने युरोपातल्या राजघराण्यांच्या राजपुत्रांनी एक करार केला: आपापल्या देशातल्या कलाकृतींचे प्लास्टरचे साचे, धातूच्या प्रती आणि फोटो एकमेकांच्या संग्रहालयांना द्यायचे. लंडनच्या गिरणीकामगाराने रोमला न जाता रोमचा स्तंभ बघावा, अशी त्यामागची कल्पना. दोन भिंगांतून बघायची स्टिरिओस्कोपची कार्डं तर त्याआधीच आली होती, त्यांत चित्र खोल दिसायचं. आपल्याकडे जत्रेत पेटीला डोळा लावून शहरं दाखवणारा बायस्कोपवाला याच घराण्यातला. त्याच्या पेटीतली चित्रं कोणत्या संग्रहालयाच्या दर्जाची नव्हती, पण डोळा लावल्यावर जग बाजूला पडायचं. हल्ली डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर गॉगलमध्ये यापेक्षा फार वेगळं काही होत नाही.

संगणकाचा भाग भराभर सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने व्हॅटिकनच्या हस्तलिखितांचं प्रदर्शन इंटरनेटवर ठेवलं. १९९४ मध्ये निकोला पिओश नावाच्या फ्रेंच विद्यार्थ्याने चित्रांचं एक ऑनलाइन दालन उघडलं आणि त्याला नाव दिलं ‘वेबलूव्र’. पॅरिसच्या खऱ्या लूव्र संग्रहालयाने हरकत घेतल्यावर ते ‘वेबम्युझियम’ झालं. (मोठ्या संस्थेच्या आधी कोणीतरी हौशी पोरगा ते काम करून मोकळा होतो, हे जगभर सारखंच.) नोव्हेंबर २००८ मध्ये युरोपातल्या संग्रहालयांचं आणि ग्रंथालयांचं सामाईक पोर्टल ‘युरोपियाना’ सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी गर्दीने बंद पडलं. १ फेब्रुवारी २०११ ला गूगलने १७ संग्रहालयं घेऊन आर्ट प्रोजेक्ट आणला. रस्त्यांचे फोटो काढणारा कॅमेरा ढकलगाडीवर बसवून दालनांतून फिरवला. काही चित्रं इतक्या बारकाईने टिपली की रंगाला गेलेले तडे मोजता यावेत. पुढच्याच वर्षी दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय त्यात आलं. मार्च २०२१ मध्ये लूव्रने आपल्या ४ लाख ८० हजारांहून जास्त नोंदी खुल्या केल्या.

आपल्याकडची गोष्ट पुण्याहून सुरू होते. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी एक सॉफ्टवेअर तयार केलं, नाव ‘जतन’. सरकारी योजनांना सहसा अशी नावं मिळत नाहीत. ‘जपून ठेव, जतन कर’ हे आजीच्या तोंडचे शब्द. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने २०१३-१४ च्या सुमारास दहा राष्ट्रीय संग्रहालयांत ते बसवलं आणि त्यातून देशभराच्या वस्तूंचं एकच पोर्टल उभं राहिलं. दिल्ली, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग, अलाहाबाद अशी त्यातली मंडळी.

ऑनलाइन प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल फिरणारं दालन येतं. मी एका संग्रहालयाच्या साइटवर अशी फेरी मारत होतो. बाण दाबत दाबत पुढे गेलो आणि थेट भिंतीत शिरलो. मागे फिरायला बाणच नाही. हसू आलं, पण त्या गोल दालनाला मी तितकंसं महत्त्व देत नाही. खरं काम वस्तूखालच्या चार ओळींत असतं: नोंद क्रमांक काय, सापडली कुठे, कधी, कोणाकडून आली, कशाची, माप किती. ‘जतन’ने मुळात तेच केलं. रजिस्टरातल्या ओळी रकान्यांत घातल्या. त्या ओळी कुठून आल्या? साहेबाच्या काळातल्या जाडजूड रजिस्टरांतून, रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये छापलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या लेखांच्या यादीतून, मिराशींच्या टिपणांतून. जिथे रजिस्टर नीट होतं तिथली वस्तू आज शोधता येते. जिथे कोणी ‘दगडी मूर्ती, १ नग’ एवढंच लिहून पुढचं पान उलटलं, तिथे कितीही महागडा कॅमेरा आणा, त्या मूर्तीला गाव परत मिळत नाही.

हे काम चैनीचं नाही हे दोन आगींनी दाखवलं. २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं निसर्गविज्ञान संग्रहालय जळालं. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं आणि काही महिन्यांनी लोकांना त्याची दालनं परत बघता आली ती आगीआधी गूगलने टिपलेल्या फोटोंतून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगाची संग्रहालयं एकदम बंद झाली, तेव्हा ज्यांची तयारी आधीपासून होती तीच दिसत राहिली.

नागपूरकरांना अलीकडे याचा अनुभव अगदी जवळून आला. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीज या लिलावगृहाच्या कॅटलॉगमध्ये एक तलवार आली. सरळ युरोपीय पातं, मराठी पद्धतीची मूठ, आणि पात्यावर देवनागरीत रघुजी भोसल्यांचं नाव, सेनासाहेबसुभा या पदवीसकट. ज्यांच्या नावाने नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या ओळखल्या जातात त्या भोसल्यांची तलवार लोकांनी आधी बघितली ती मोबाइलवर, लिलावाच्या पानावर. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती नागपूरचं बरंच काही लागलं, त्यातून ती तिकडे गेली असावी असं सांगितलं जातं. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. त्या पानावर फोटो नसता, पात्यावरचा मजकूर नीट उतरवून दिलेला नसता, तर कोणाच्या ते लक्षात तरी आलं असतं का?

एक अडचण मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने अजून सोडवलेली नाही. ती आहे स्पेलिंगची. परदेशी संग्रहालयांत आपलं गाव शोधायचं असेल तर ते आपण म्हणतो तसं लिहून चालत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कॅप्टनच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहावं लागतं. नागपूरचं ‘नागपोर’, कामठीचं ‘कॅम्पटी’, चंद्रपूर तर शोधूच नका, ‘चांदा’ शोधा.

कोराडीकडच्या एका मित्राला मी हे सांगत होतो. त्याचं आजोळ वारेगाव. त्याने फोनवर गावाचं नाव टाकलं: राखेचा तलाव, जमिनीचे भाव, एका लग्नाचा व्हिडिओ. मी म्हटलं, थांब, साहेबासारखं लिहू. ‘वुर्रीगाव’. तर पियर्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा लेख निघाला, लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीच्या १८६९ च्या अंकातला. कामठीच्या छावणीपासून मैलभरावरच्या या गावाजवळ त्याने एक मोठं शिळावर्तुळ खणलं होतं. मित्र बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग मामाला फोन लावला आणि विचारलं, ‘मामा, आपल्या वावराकडे ते गोल दगड होते का हो कधी?’