सामूहिक बागकाम (ठाणे–नवी मुंबई)

सोसायटीचे आवार, गच्ची किंवा शाळेचे मैदान अशा सामाईक जागेत रहिवाशांनी मिळून केलेली आणि मिळून सांभाळलेली लागवड. पावसाळ्यात रोपे लावायला हात पुष्कळ मिळतात. दिवाळीनंतर पाणी, खत आणि कीड यांकडे बघणारे जाणकार थोडे असतात. त्यामुळे स्वयंसेवकांचे शिक्षण हाच या कामाचा कणा आहे.

अशा शिक्षणाची एक रुळलेली पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुरू झाली. विद्यापीठाचा विस्तार विभाग (विद्यापीठातले ज्ञान लोकांपर्यंत नेणारा) हौशी मंडळींना शिकवतो आणि ती त्या बदल्यात लोकांच्या बागेतील अडचणी सोडवतात. महाराष्ट्रात शेतीतले प्रयोगशील अभ्यासक श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने एकमेकांच्या प्रयोगांतून शिकण्याची वाट घालून दिली. त्याच परंपरेतले अमृतजल हे द्रवखत शहरी गच्च्यांवरही पोहोचले: १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. मिश्रण तीन दिवस रोज ढवळायचे आणि दहापट पाण्यात मिसळून मातीला द्यायचे.

इथला अभ्यास मातीपासूनच सुरू व्हायला हवा. नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावावर मुरूम आणि खारेपणा आढळतो. ठाण्यात वर्षाचा सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि मातीतला कस वाहून नेतो. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे), त्यांवर पडवळ, शिराळी, भेंडी. अळूला मात्र ओल मानवते. थंडीत सपाट वाफ्यांत मेथी, पालक, मुळा. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन. गच्चीवर वजनाचे भान लागते: एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड भरते, त्यामुळे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरतात आणि गळतीची तपासणी आधी करून घेतात.

खताचा कच्चा माल घरातच असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. कंपोस्टच्या खड्ड्याला वास येऊ लागला, की ओल जास्त आणि हवा कमी झालेली असते. सुका पाला मिसळून ढीग वरखाली केला की तो सुधारतो. हे एकदा हाताने केल्यावर स्वयंसेवक विसरत नाहीत, आणि वर्गातल्या व्याख्यानापेक्षा ते कितीतरी मोलाचे आहे.

पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, रस शोषणाऱ्या किडीवर निंबोळी अर्क फवारतात. झाड तोडायचे असेल, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. जागा सोसायटीची असली तरी.