नवाहो आणि सेबुआनो : एकाच सरकारच्या शाळेत गेलेल्या दोन भाषा

नवाहो आणि सेबुआनोची तुलना करायची म्हटली की लोक आधी ग्रामर काढून बसतात, आणि ग्रामरमध्ये या दोघींचं फारसं जुळत नाही. नवाहो ही अमेरिकेतल्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटा या भागातल्या आदिवासींची भाषा. क्रियापदाच्या पुढे प्रत्ययांची रांग लागते, सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि एखादी वस्तू 'दिली' म्हणायचं तर ती लांबुडकी आहे, चपटी आहे की चिखलासारखी लिबलिबीत आहे त्यावर क्रियापदच वेगळं. सेबुआनो फिलिपिन्सच्या सेबू, बोहोल आणि मिंडानाओच्या मोठ्या भागातली, तिथे क्रियापद वाक्यात पहिलं येतं. गंमत म्हणजे दोन्हीकडे मराठी माणसाला थोडं थोडं ओळखीचं सापडतं, नवाहोत क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं आणि सेबुआनोत 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक आहे जो इंग्रजीवाल्याला समजावून सांगावा लागतो.

पण मला विचाराल तर खरी तुलना इतिहासात आहे, कारण या दोन भाषांना एकाच सरकारने जवळपास एकाच काळात इंग्रजीच्या शाळेत बसवलं, आणि निकाल मात्र दोन लागले.

मुळं अगदीच लांब. नवाहोची सख्खी बहीण म्हणजे अपाची, आणि बाकीचे नातेवाईक पार अलास्का आणि वायव्य कॅनडात. सेबुआनो ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या कुटुंबातली. स्पॅनिश लोक दोघींनाही भेटले पण वेगळ्या पद्धतीने. १५२१ मध्ये मॅगेलन सेबूला पोचला, शेजारच्या माक्तानवर लापुलापूच्या लोकांकडून मारला गेला, आणि त्याच्यासोबतच्या पिगाफेताने तिथल्या शब्दांची यादी लिहून ठेवली, ती या भाषेची अगदी सुरुवातीची नोंद. १५६५ पासून स्पॅनिश सत्ता आली, पण पाद्र्यांनी लोकांना स्पॅनिश शिकवण्यापेक्षा स्वतःच स्थानिक भाषा शिकून प्रवचनं दिली, त्यामुळे भाषा टिकली आणि शब्द मात्र ढिगाने आत आले, आजही सेबूत घड्याळातले वाजले किती ते स्पॅनिश आकड्यातच सांगतात. नवाहोंनी स्पॅनिश लोकांकडून मेंढ्या घेतल्या, घोडे घेतले, पैशासाठी पेसोवरून आलेला शब्द घेतला, पण एकूण उसने शब्द फार कमी, नवीन वस्तू आली की वर्णन करून स्वतःचाच शब्द घडवायचा ही त्यांची सवय.

मग अमेरिका. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या सैन्याने नवाहोंची पिकं जाळली आणि हजारो लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेदोंदोच्या छावणीत नेलं, बायकामुलं म्हातारे सगळे, वाटेत आणि तिथे कितीतरी लोक मेले. १८६८ च्या तहाने ते घरी परतले पण त्याच तहात ६ ते १६ वर्षांच्या मुलांनी इंग्रजी शिक्षण घ्यायचं हे कलम होतं. १८८७ मध्ये आदिवासी खात्याचा आयुक्त ॲटकिन्स याने ऑर्डरच काढली की आदिवासी शाळांमध्ये फक्त इंग्रजी. पुढे बोर्डिंग स्कूलमध्ये आपली भाषा बोलली म्हणून मुलांचं तोंड साबणाने धुतल्याच्या आठवणी कितीतरी लोकांनी सांगितल्यात, आणि हे वाचताना मला अजूनही राग येतो.

१८९८ मध्ये फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि तीच माणसं तिकडे गेली, हे मी मोघम म्हणत नाहीये. १८८६ मध्ये अपाची नेता जेरोनिमोच्या मागावर असलेला हेन्री लॉटन जनरल होऊन फिलिपिन्सला आला आणि १८९९ मध्ये मनिलाजवळ मारला गेला, समोरच्या फिलिपिनो सेनापतीचं नावही लिसेरियो जेरोनिमो. १९०३ पासून तिथलं शिक्षणखातं सांभाळणाऱ्या डेव्हिड बॅरोजची पीएचडी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींवर होती. १९०१ च्या कायद्याने शाळेचं माध्यम इंग्रजी झालं आणि त्याच वर्षी थॉमस नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक उतरले.

फरक इथे पडला. सेबुआनो बोलणारे लाखोंच्या संख्येत, आपापल्या गावात, मुलं संध्याकाळी घरी. विसेंते सोत्तोने १९०१ मध्येच 'आंग सुगा' हे सेबुआनो वर्तमानपत्र काढलं, १९३० मध्ये 'बिसाया' मासिक आलं. नवाहो मुलं मात्र घरापासून तोडून महिनोन्महिने वसतिगृहात. तिकडे लिपीसुद्धा १९३०-४० च्या दशकात नीट बसली, रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन या नवाहो माणसाने मिळून केलेल्या कामामुळे. आणि जी भाषा शाळेत गुन्हा होती तीच १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन मरीन्सना गुप्त संदेशांसाठी लागली, आधी २९ नवाहो तरुणांनी कोड बनवला, पुढे जवळपास ४०० जणांनी तो पॅसिफिकच्या लढायांमध्ये वापरला, आणि १९६८ पर्यंत ते गुपितच ठेवलं गेलं म्हणजे घरी सांगायचीही सोय नाही.

सेबुआनोची अडचण वेगळीच निघाली. १९३७ मध्ये फिलिपिन्सचे अध्यक्ष केसोन यांनी मनिलाकडच्या टागालोग भाषेवर आधारित राष्ट्रभाषा जाहीर केली, आणि पुढेही कित्येक वर्षं जनगणनेत सर्वात मोठी मातृभाषा सेबुआनोच होती! तो सल अजून गेलेला नाही.

नवाहोंनी १९६६ मध्ये रफ रॉकला स्वतःच्या हातातली शाळा काढली, १९६८ मध्ये कॉलेज. तरी २०१४ मध्ये नवाहो नेशनच्या अध्यक्षपदाचे उमेदवार क्रिस डेशिनी यांना भाषा अस्खलित येत नाही म्हणून बाद केलं गेलं आणि २०१५ मध्ये सार्वमत घेऊन ती अट सैल करावी लागली. सेबुआनोला बालवाडीपासून तिसरीपर्यंत शाळेत आणणारी मातृभाषा योजना २०१३ च्या कायद्यात होती, ऑक्टोबर २०२४ च्या कायद्याने ती सक्ती काढली. सुमारे २ कोटी लोकांच्या भाषेला बाजार आणि रेडिओ सांभाळून घेतील, पण दीड-पावणेदोन लाख बोलणाऱ्या नवाहोकडे घर आणि शाळा सोडून तिसरी जागा फारशी नाही, आणि घरात आता बरीच मुलं इंग्रजीच बोलतात.