आर्चिमांड्राइट क्रोनिद : मठ गेला, तरी गाव न सोडलेला संन्यासी

१० डिसेंबर १९३७. मॉस्कोच्या दक्षिणेला बुतोवोच्या मैदानावर ७८ वर्षांच्या एका संन्याशाला गोळी घालण्यात आली. त्याला धड दिसतही नव्हतं. या म्हाताऱ्याची सोव्हिएत सरकारला एवढी धास्ती का वाटावी, हे समजायला वीस वर्षं मागे जावं लागतं.

हा संन्यासी म्हणजे आर्चिमांड्राइट (ऑर्थोडॉक्स मठातली वरिष्ठ पदवी) क्रोनिद ल्युबीमोव, एका खेड्यातल्या चर्चमध्ये स्तोत्रं वाचणाऱ्याचे चिरंजीव. १९१५ साली त्यांच्याकडे सेर्गियेव पोसादच्या त्रिनिटी-सेर्गियस लाव्राचा (लाव्रा म्हणजे मोठा मठ) कारभार आला. चौदाव्या शतकात संत सेर्गियसनी स्थापलेला हा मठ म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स भाविकांचं काळीजच.

दोनच वर्षांत राज्यक्रांती झाली आणि बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्ट, सत्तेवर आले. १९१८च्या हुकुमाने चर्चचा मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. मग सरकारचा मोर्चा संतांच्या अस्थींकडे वळला. ११ एप्रिल १९१९च्या संध्याकाळी सेर्गियसची पेटी उघडली गेली. एकेक वस्त्र बाजूला होत होतं आणि समोर कॅमेरा फिरत होता. संतांचं शरीर कुजत नाही ही श्रद्धा खोटी ठरवायला फिल्म हवी होती. भिंतीबाहेर लोक प्रार्थना करत उभे होते. क्रोनिदना हे डोळ्यांदेखत पाहावं लागलं. मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात जड प्रसंग हाच वाटतो, गोळीपेक्षाही.

१९२० मध्ये मठाचं संग्रहालय झालं. क्रोनिद मात्र लांब गेले नाहीत. आधी जवळपासच्या छोट्या मठांत आणि तेही बंद झाल्यावर गावातल्या घरात ते राहिले. जानेवारी १९३० मध्ये लाव्राची सुमारे ६५ टनांची 'त्सार' घंटा मनोऱ्यावरून खाली ढकलून फोडली. त्याच वर्षी गावाचं नावही बदललं : झागोर्स्क, एका बोल्शेविक पुढाऱ्यावरून.

जुलै १९३७च्या गुप्त आदेश क्र. ००४४७ मध्ये 'सोव्हिएतविरोधी घटकां'च्या यादीत चर्चची माणसंही होती. नोव्हेंबरमध्ये क्रोनिदना अटक झाली. जबाबात त्यांनी आपण राजेशाहीवादी असल्याचं दडवलं नाही. सोव्हिएत सत्ता ही श्रद्धेची परीक्षा म्हणून धाडली गेली आहे, असंही त्यांनी सांगितलं. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं.

ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ या काळात बुतोवोत २०,७६२ जणांना मारून चरांमध्ये पुरलं. १९४६ मध्ये लाव्रा पुन्हा उघडली, सेर्गियसच्या अस्थी परतल्या. २००० साली चर्चने क्रोनिदना हुतात्मा संत घोषित केलं. त्यांच्या अस्थी मात्र त्या चरांतच, इतरांच्या अस्थींत मिसळलेल्या आहेत.